जोशुआ स्लोकम : एकट्यानं जग फिरला, पण प्रत्येक बंदरातून शिदोरी घेऊन निघाला

जानेवारी १८९६. अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स बंदर.

एक छोटी शिडाची बोट इथे येऊन थांबली होती. बोटीवर माणूस एकच, वय ५१. त्यानं बोटीची डोलकाठी खाली उतरवली आणि तिचा सात फूट तुकडा कापून टाकला. मग बोटीच्या नाळेवरून पुढे झेपावणारी काठीही पाच फुटांनी कमी केली. पाहणाऱ्याला वाटेल, चांगली बोट हा माणूस कापत का सुटलाय?

कारण साधं होतं. इथून पुढे त्याला दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे जायचं होतं. तिथलं वारं जगातल्या सगळ्यात बेभरवशाच्या वाऱ्यांपैकी एक. डोलकाठी जितकी उंच, तितकं शीड मोठं, आणि शीड जितकं मोठं, तितकी वादळात बोट कलंडण्याची भीती जास्त. वेग थोडा कमी झाला तरी चालेल, पण बोट सरळ उभी राहिली पाहिजे, हा त्याचा हिशोब होता.

या माणसाचं नाव जोशुआ स्लोकम. जगाची प्रदक्षिणा एकट्यानं शिडाच्या बोटीतून पूर्ण करणारा पहिला माणूस म्हणून आज जग त्याला ओळखतं. पण ब्युनोस आयर्सशी त्याचं आणखी एक नातं होतं. बारा वर्षांपूर्वी याच शहरात त्यानं आपल्या बायकोला पुरलं होतं.

या प्रवासावर त्यानं पुढे एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात कापलेल्या डोलकाठीची नोंद आहे. बायकोच्या कबरीचा उल्लेख मात्र नाही.

बूट शिवणाऱ्याचा मुलगा

स्लोकमचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ चा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला. तो लहान असताना कुटुंब ब्रायर नावाच्या बेटावर राहायला गेलं. तिथे वडिलांचं मासेमारांसाठी बूट बनवायचं दुकान होतं. आईचे वडील दीपगृहाचे रखवालदार. घराच्या चहूबाजूंनी समुद्र, आणि पोराला बसवलेलं चामडं शिवायला. शाळा जेमतेम काही वर्षांची.

चौदाव्या वर्षी तो घरातून पळाला आणि मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकी झाला. तो परत आला खरा, पण १८६० मध्ये आई गेली आणि सोळाव्या वर्षी त्यानं घर कायमचं सोडलं. पुढे साधा खलाशी ते कप्तान अशी सगळी पायरी त्यानं चढली.

१८७१ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात व्हर्जिनिया वॉकर नावाच्या तरुणीशी त्याचं लग्न झालं. ती मूळची अमेरिकन. लग्नानंतर तिनं किनाऱ्यावर घर मांडलंच नाही. पुढची तेरा वर्षं ती नवऱ्यासोबत जहाजावरच राहिली. त्यांना सात मुलं झाली, तीही समुद्रावर किंवा परक्या बंदरांत. त्यातली चार जगली.

२५ जुलै १८८४ रोजी ब्युनोस आयर्सजवळ नांगरलेल्या ‘अ‍ॅक्विडनेक’ जहाजावर व्हर्जिनियाचा मृत्यू झाला. वय फक्त ३४. तिला त्याच शहरात पुरलं आणि जहाज पुढे निघालं. जहाजावरच्या माणसाला सुतक पाळत बसायची सोय नसते. माल पोचवायचा असतो, खलाशांचा पगार द्यायचा असतो.

वाफेनं पोट हिरावलं

त्यानंतर स्लोकमचे दिवस फिरले. १८८६ मध्ये त्यानं हेटी नावाच्या नात्यातल्या तरुणीशी दुसरं लग्न केलं. पुढच्याच वर्षी ब्राझीलच्या किनाऱ्यावर ‘अ‍ॅक्विडनेक’ वाळूत रुतून फुटलं. जहाज स्वतःचं होतं, त्यामुळे त्याच्यासोबत आयुष्यभराची कमाई बुडाली.

पण स्लोकमनं कुणाच्या जहाजावर बसून घरी यायचं नाकारलं. फुटलेल्या जहाजाचं सामान आणि तिथलं लाकूड वापरून त्यानं स्वतः ३५ फुटांची बोट बांधली. ती पाण्यात उतरली १३ मे १८८८ ला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली तो हाच दिवस. म्हणून बोटीचं नाव ठेवलं ‘लिबर्दादे’, म्हणजे स्वातंत्र्य. बायको आणि दोन मुलांना घेऊन तो याच बोटीतून अमेरिकेला पोचला.

घर गाठलं, पण काम कुठे होतं? तो काळ शिडाच्या जहाजांच्या शेवटाचा होता. वाफेवरची जहाजं वाऱ्याची वाट पाहत नव्हती आणि वेळेवर पोचत होती. शिडावर आयुष्य घालवलेल्या कप्तानाला कुणी विचारेना. आपल्याकडे गिरण्या बंद झाल्यावर कसबी कामगारांवर जी वेळ आली, तसंच काहीसं. हातात कसब आहे, पण त्या कसबाला बाजारच उरला नाही.

१८९२ मध्ये एबेन पिअर्स नावाच्या देवमाशांची शिकार करणाऱ्या जुन्या कप्तानानं त्याला एक जहाज देऊ केलं. स्लोकम मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फेअरहेवनला गेला, तर तिथे एका शेतात टेकू लावून उभी केलेली जुनाट बोट! कधीकाळी ती कालवं गोळा करायला वापरली जायची. नाव ‘स्प्रे’.

चेष्टाच होती ती, पण स्लोकमनं मनावर घेतली. जवळचं ओकचं झाड तोडून त्यानं बोटीचा नवा कणा बनवला. लाकूड वाफेवर मऊ करून तिच्या फासळ्या वाकवल्या. एकेक कुजलेली फळी काढून नवी बसवली. तेरा महिने लागले आणि खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. बोट ३६ फूट ९ इंच लांब झाली. नाव जुनं राहिलं, बाकी जवळपास सगळं नवं.

२४ एप्रिल १८९५ ला तो बोस्टनहून निघाला. आणि हो, या माणसाला पोहता येत नव्हतं.

बंदर सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

शिडाची बोट घेऊन परक्या बंदरातून निघणं म्हणजे नांगर उचलला आणि चाललो, असं नसतं. त्यात चार गोष्टी येतात.

पहिली, बोटीची तपासणी. लाकडी बोटीचा मोठा शत्रू म्हणजे समुद्रातला लाकूड पोखरणारा किडा. त्यामुळे बोट पाण्याबाहेर ओढून बूड पाहायचं, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, तांब्याचा रंग लावायचा. शिडं शिवायची, दोर बदलायचे.

दुसरी, शिधा. पाण्याची पिंपं भरायची. खारवलेला मासा, बिस्किटं, बटाटे, चहा, कॉफी असं टिकणारं अन्न घ्यायचं.

तिसरी, कागदपत्रं. त्या काळात बंदर सोडताना आरोग्याचा दाखला लागायचा. इथे साथीचा रोग नाही, असं त्यावर लिहिलेलं असायचं. तो नसेल तर पुढच्या बंदरात तुम्हाला किनाऱ्यावर उतरू न देता लांब थांबवून ठेवत.

चौथी गोष्ट यादीत नसते, पण वेळ तीच जास्त खाते. ती म्हणजे निरोप.

स्लोकमकडे पैसे फारच थोडे होते. समुद्रात आपण कुठे आहोत हे काढायला लागणारं अचूक घड्याळ साफ करून घ्यायला १५ डॉलर लागणार होते, म्हणून ते त्यानं घरीच ठेवलं. नोव्हा स्कोशियातल्या यार्मथ बंदरात त्यानं एक पत्र्याचं घड्याळ घेतलं. किंमत दीड डॉलर. तबकडी फुटकी होती म्हणून दुकानदारानं एका डॉलरला दिलं. हे घड्याळ घेऊन २ जुलै १८९५ ला त्यानं अटलांटिक महासागरात बोट घातली.

पुढचा प्रवास चालला तो बंदराबंदरांतल्या माणसांच्या जिवावर.

स्पर्धकानंच केली दुरुस्ती

अटलांटिक ओलांडून तो जिब्राल्टरला पोचला. तिथल्या ब्रिटिश आरमारानं त्याची उत्तम बडदास्त ठेवली. त्याचा बेत भूमध्य समुद्रातून सुएझमार्गे पूर्वेकडे जाण्याचा होता. आरमारी अधिकाऱ्यांनी सल्ला दिला की त्या बाजूला चाचे आहेत, एकट्यानं जाऊ नका. निरोपाच्या वेळी मिळालेल्या या एका सल्ल्यानं अख्ख्या प्रदक्षिणेची दिशा उलटी झाली. त्यानं पुन्हा अटलांटिक ओलांडायचं ठरवलं. तरी मोरोक्कोच्या किनाऱ्यावर चाच्यांची एक बोट त्याच्या मागे लागलीच, आणि तो थोडक्यात वाचला.

ब्राझील गाठून दक्षिणेकडे जाताना उरुग्वेच्या किनाऱ्यावर ‘स्प्रे’ वाळूत रुतली. ती सोडवताना त्याची छोटी होडी उलटली आणि पोहता न येणारा हा कप्तान बुडता बुडता वाचला. बोट मॉन्टेव्हिडिओ बंदरात आली, तेव्हा एका ब्रिटिश टपाल जहाज कंपनीच्या एजंटांनी ती फुकट दुरुस्त करून दिली, वर वीस पौंड हातावर ठेवले.

ही कंपनी वाफेच्या जहाजांची होती. ज्या जहाजांनी स्लोकमचं पोट हिरावलं, त्यांच्याच गोदीत त्याची शिडाची बोट पुन्हा उभी राहिली.

तिथून ब्युनोस आयर्स. डोलकाठी कापून २६ जानेवारी १८९६ ला त्यानं ते शहर सोडलं.

मूठभर खिळे

चिलीतल्या पुंता अरेनास बंदरात पेद्रो साम्ब्लिच नावाचा एक भला कप्तान त्याला भेटला. निघताना त्यानं बिस्किटं आणि धुरावलेलं हरणाचं मांस दिलं. शिवाय एक विचित्र भेट दिली : गालिचाला ठोकतात तसल्या छोट्या खिळ्यांची पिशवी. स्लोकमला आधी त्याचा उपयोगच कळेना.

पुढच्या मॅजेलनच्या सामुद्रधुनीत तिथले मूळ रहिवासी बोटींवर हल्ले करत. त्यामागची बाजूही लक्षात घ्यायला हवी. त्या वर्षांत गोरे मेंढपाळ तिथल्या जमिनी बळकावत होते आणि मूळ लोकांना मारून हुसकावत होते. पण एकट्या माणसापुढचा प्रश्न वेगळा होता. रात्री झोपायचं कसं?

एका रात्री स्लोकमनं सगळे खिळे टोकं वर करून डेकवर पसरले आणि तो खाली जाऊन झोपला. मध्यरात्री अनवाणी पावलं बोटीवर चढली आणि क्षणात ओरडत समुद्रात उड्या पडल्या. खिळ्यांनी त्याचा जीव वाचवला. निघताना दिलेली भेट अशी कामाला आली.

लेखकाच्या घरचे बांबू

प्रशांत महासागरात वाटेत थांबण्याजोगं एक बेट दिसूनही तो पुढे गेला आणि सलग ७२ दिवस समुद्रावर राहून जुलै १८९६ मध्ये सामोआ बेटावरच्या आपिया बंदरात पोचला. एवढे दिवस एकट्यानं काढायचे म्हणजे काय? सुरुवातीला तो आवाज विसरू नये म्हणून मोठ्यानं स्वतःलाच हुकूम द्यायचा. पण रिकाम्या समुद्रावर आपलाच आवाज पोकळ वाटायला लागला, तेव्हा हुकूम सोडून तो गाणी म्हणू लागला.

आपियात त्याला भेटायला आल्या फॅनी स्टीव्हन्सन. प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या पत्नी. स्टीव्हन्सन १८९४ मध्ये तिथेच वारले होते. नवरा जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्यांनी नवऱ्याचे जपून ठेवलेले जाडजूड सागरी मार्गदर्शक ग्रंथ स्लोकमला दिले. त्यांच्या अंगणाजवळ उंच बांबू वाढले होते. तेही बोटीसाठी तोडून न्यायला सांगितलं.

एक विधवा आणि एक पहिली बायको गमावलेला माणूस. एकानं घर सोडून समुद्र धरला होता, दुसरी नवऱ्याची पुस्तकं समुद्रावर पाठवत होती. २० ऑगस्टला बेटं मागे पडताना आपल्याला फार एकटं वाटलं आणि त्यावर उपाय म्हणून आपण आणखी शिडं चढवली, असं स्लोकमनं लिहिलंय. मनाबद्दल इतकं उघड तो क्वचितच बोलतो.

पुढचं मोठं बंदर होतं सिडनी, जिथे पंचवीस वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं होतं. तिथे नौकाविहार क्लबातल्या मार्क फॉय यांनी त्याला नव्या शिडांचा अख्खा संच भेट दिला. टास्मानियातल्या डेव्हनपोर्टमध्ये त्यानं बोट पाण्याबाहेर ओढून खालून वरपर्यंत तपासली. पोखरणाऱ्या किड्याचा मागमूस नव्हता. तांब्याच्या रंगाचा नवा हात देऊन १६ एप्रिल १८९७ ला तो निघाला.

खेकडा बोट सोडत नाही

हिंदी महासागरातली कीलिंग कोकोस बेटं. इथे तो १७ जुलै १८९७ ला पोचला. शेवटच्या टप्प्यातल्या २३ दिवसांत सुकाणूला त्यानं सगळे मिळून तीन तास हात लावला असेल नसेल. शिडं नीट बांधून सुकाणू एका जागी पक्कं केलं की ‘स्प्रे’ आपली आपण सरळ रेषेत चालायची. यंत्र नाही, वीज नाही, फक्त बोटीचा घाट आणि वाऱ्याचा तोल.

इथे त्यानं बोटीच्या बुडातलं सिमेंटचं वजन काढून त्या जागी तिथले राक्षसी शिंपले भरायचं ठरवलं. असं वजन बोट स्थिर राहावी म्हणून लागतंच. शिंपल्यांचा फायदा असा, की पुढे ते लोकांना दाखवता आले असते. पण ते आणायला एका मोडक्या होडीतून गेला असताना वादळी झोत आला आणि होडी उघड्या समुद्राकडे निघाली. होडीत वल्हीसुद्धा नव्हती. पुढचा किनारा थेट आफ्रिकेचा. कसेबसे ते उथळ पाण्याला टेकले. तीन महासागर पार करणारा माणूस बंदरातल्या तयारीतच संपला असता.

बेटावरच्या मुलांना या पाहुण्याचा भारी लळा लागला. बोट अजून का निघत नाही, याचं त्यांच्याकडे पक्कं उत्तर होतं : एका मोठ्या खेकड्यानं खालून बोटीचा कणा धरून ठेवलाय! २२ ऑगस्टला खेकड्यानं अखेर बोट सोडली.

बकरी, युद्ध आणि घर

मॉरिशस, डर्बन, केपटाऊन करत तो सेंट हेलेना बेटावर आला. तिथे निघताना एका अमेरिकन माणसानं सोबत म्हणून एक बकरी दिली. सगळ्या भेटींत हीच एक महागात पडली. बकरीनं दोर खाल्ले, गवती टोपी खाल्ली आणि कॅरिबियन समुद्राचा नकाशाही खाल्ला! असेन्शन बेटावर त्यानं तिला उतरवून दिलं.

८ मे १८९८ ला ब्राझीलजवळ त्यानं आपलीच जुनी वाट ओलांडली. म्हणजे प्रदक्षिणा पुरी झाली होती. तोवर अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध पेटलं होतं. २७ जून १८९८ च्या मध्यरात्रीनंतर, पाणसुरुंग पेरलेल्या बंदराच्या खडकाळ कडेनं तो न्यूपोर्टमध्ये शिरला. तीन वर्षं दोन महिने, ४६ हजार मैल. लोकांचं लक्ष युद्धाकडे होतं.

काही दिवसांनी तो बोट घेऊन फेअरहेवनला गेला. ‘स्प्रे’ पहिल्यांदा पाण्यात उतरली तेव्हा जिला बांधली होती, त्याच लाकडी मेढीला त्यानं ती पुन्हा बांधली.

शेवटचं बंदर

१९०० मध्ये त्याचं ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ हे पुस्तक आलं आणि नाव झालं. आलेल्या पैशातून त्यानं मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेत घेतलं. पण जमिनीवर त्याचा जीव रमला नाही. हिवाळा आला की तो बोट घेऊन दक्षिणेकडे जायचा.

या आयुष्याला एक काळी बाजूही आहे. १९०६ मध्ये न्यू जर्सीत एका बारा वर्षांच्या मुलीशी असभ्य वर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. त्यानं आरोपाला आव्हान दिलं नाही आणि ४२ दिवस तुरुंगात काढले. पराक्रमाच्या गोष्टी सांगताना हे पान वगळायचं कारण नाही.

१९०९ च्या नोव्हेंबरमध्ये ६५ वर्षांचा स्लोकम पुन्हा निघाला, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको आणि अ‍ॅमेझॉन नद्यांकडे जायचा बेत होता. यावेळी बंदर परकं नव्हतं, आपल्याच बेटावरचं होतं. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. ना बोट सापडली, ना एखादी फळी. १९२४ मध्ये कायद्यानं त्याला मृत घोषित केलं.

आपल्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. स्लोकमचा येतो त्या वेळी राहून गेला.

त्याची वाट मात्र बंद झाली नाही. ऑगस्ट २००९ मध्ये भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही बोट घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. वाटेत ते चार बंदरांत थांबले. त्यातलं शेवटचं होतं केपटाऊन, जिथून २६ मार्च १८९८ ला पाण्याची पिंपं भरून, लोकांचा निरोप घेऊन ‘स्प्रे’ घराकडे निघाली होती.